राजा आणि झिपरी

२ जानेवारी, बुधवार

संस्थेची नव्या वर्षाची डायरी आज टपालाने आली, ह्यांच्या नावाने. माणूस ऑक्टोबरात गेला, पण यादीतून नाव काढायचं कुणाला सुचलं नाही. वन्सं म्हणाल्या, "परत पाठव. गेलेल्या माणसाला डायऱ्या पाठवतात, जनाची नाही मनाची तरी!" मी पाठवली नाही. कागद चांगला आहे. ह्यांची डायरी दरवर्षी कोरीच राहायची, ह्यांना लिहायचा कंटाळा. मला हौस होती, पण लिहावं असं माझ्या दिवसात काही घडत नसे. आता घडतंय.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. पूर्वीपासून आमच्याकडेच असतात. आता घरात आम्ही दोघीच, आणि भांडायला तेवढं पुरतं.

मी डिसेंबरपासून संस्थेच्या काचघरात जाते. ह्यांनी सगळी नोकरी तिथेच केली, गव्हाची फुलं रानगवताच्या परागांशी जुळवण्यात. ह्यांच्या जागी मला घेतलं ते पाणी घालायला आणि झाडलोट करायला. जुळवणीचं काम माझं नाही. ते करू शकेल असं आता तिथे कुणीच नाही, असं सगळे म्हणतात.

५ जानेवारी

ह्यांच्या शेवटच्या जुळवणीतून दोन रोपं हाती लागली. एकाच ओंबीतली दोन. बाकीची फुलं फुकट गेली.

ती ओंबी ह्यांनी सप्टेंबरात केली. गव्हाच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात. म्हणून आधी चिमट्याने प्रत्येक फुलातले तिन्ही पुंकेसर पिकायच्या आत काढायचे, मग ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि फूल तयार झालं की रानगवताचा पराग आणून आत झटकायचा. फूल केवढं, तर तांदळाच्या दाण्याएवढं. हे चष्मा कपाळावर चढवून करायचे. ह्यांच्या हाताला तोड नाही असं बाई स्वतः म्हणायच्या. बाई म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण डोक्याने आमच्या सगळ्यांच्या वर.

ह्यांनी पिशवी बांधली आणि नंतर आठवडाभरातच हे अंथरुणाला खिळले. पिशवी सोडली ती बाईंनी. आत दोन दाणे. एक असा टपोरा की मातीत टाकला आणि चार दिवसांत वर आला. दुसरा सुरकुतलेला. त्यातला गर्भ बाईंनी भिंगाखाली सुईने सोडवला आणि काचेच्या नळीत, खळीसारख्या घट्ट अन्नावर वाढवला.

टपोऱ्याचं रोप ताठ, रुंद पानांचं, अगदी आईच्या, म्हणजे गव्हाच्या वळणावर गेलेलं. त्याला मी राजा म्हणते. दुसरं जमिनीला लोळतं, पानं दोऱ्यासारखी, अंगभर लव. ती झिपरी.

१४ जानेवारी

आज बाई कुंड्यांपाशी बराच वेळ उभ्या होत्या. राजाकडे पाहून म्हणाल्या, "काकू, हा फारच छान दिसतोय."

मी म्हटलं, "ह्यांचा हात होता बाई."

त्यांनी राजाचं एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "खरा संकर सहसा गवताकडे झुकतो. आणि वांझ असतो."

हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा आहे. लग्नानंतर बरीच वर्षं तो घराच्या दारापर्यंत येऊन परत जायचा. एकदा तो आतही आला, तेव्हा वन्संनीच तो उच्चारणाऱ्या पाहुणीला चहा न देता घालवली होती. म्हणून मी वन्संचं बोलणं खपवून घेते.

मी विचारलं, "मग ह्या सगळ्याचा उपयोग काय?"

"आपल्या गव्हाला दाणा आहे, पण दाण्यात कस कमी आणि तांबेऱ्यापुढे तो टिकत नाही. गवतात कस आहे, रोग त्याला शिवत नाही, पण दाणा म्हणजे नुसता कोंडा. दोघांतलं हवं तेवढंच घ्यायचं. त्यासाठी ह्या वांझ रोपावर पुन्हा गव्हाचा पराग टाकायचा. शंभर फुलांत एखादा दाणा धरला तर धरला."

"आणि नाही धरला तर?"

"तर सगळं पहिल्यापासून. पण आता पहिल्यापासून करणार कोण?"

२७ जानेवारी

उन्हाची बाजू एकच आहे. राजा फुटव्यांनी भरलाय, त्याला जागा हवी. झिपरीची कुंडी बाकाखाली सरकवली. ती तशीही लोळतेच.

३ फेब्रुवारी

वाईट बातमी. मार्चच्या सुरुवातीला वरून समिती येणार. काचघर ठेवायचं की काकडीवाल्यांना द्यायचं ते तेव्हा ठरेल. काकडीवाले म्हणजे शेजारचा विभाग. ते वर्षभर काकड्या काढतात आणि पाहुण्यांना कापून खिलवतात. आम्ही काय खिलवणार?

मिस्त्री नळ दुरुस्त करत होता, तो म्हणाला, "वहिनी, आपलं गवत जरा कोशिंबिरीसारखं चिरून ठेवा." मिस्त्री काचघराच्या काचा, नळ आणि हीटर सांभाळतो. ह्यांचा जुना दोस्त. मी हसले खरी. काचघर गेलं तर ह्यांच्या हातचं शेवटचं जे उरलंय तेही गेलं.

बाई म्हणाल्या, "समितीला बोलणं नको, पुरावा हवा. दोन्ही रोपांना तांबेरा लावू. ज्याच्यावर येणार नाही, ते समितीपुढे ठेवू."

"रोग लावायचा? आपल्या हाताने?"

"दुसरा मार्ग नाही काकू."

६ फेब्रुवारी

सकाळी वन्संशी वाजलं. मी म्हटलं, बाई ह्यांच्या झाडाला रोग लावणार आहेत. वन्सं भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तू तर गवताला नवरा समजायला लागलीस."

"आणि तुम्ही त्यांची चप्पल अजून दाराशी ठेवता, ती कशाला?"

"चोर घाबरावा म्हणून!" आणि भाजी तशीच टाकून आत गेल्या.

नंतर वाईट वाटलं. गेलं वर्ष आठवत बसले. ह्यांनी शेवटी शेवटी किती लाड करून घेतले! शर्टाची बटणं मी लावायची. दाढीला न्हाव्याकडे जायचं. मी म्हणायचे, म्हातारपणी चैन सुचतेय. हे हसायचे. चहासुद्धा कप भरून नको, अर्धाच दे म्हणायचे, आणि तो संपला की पुन्हा अर्धा. मी चिडायचे, दोनदा उठायला लागतं म्हणून. आता वाटतं, उठले असते शंभरदा.

ह्यांच्या शेल्फवरचं गव्हाच्या रोगांचं पुस्तक काढलंय. शाळा मी सातवीत सोडली. जे काही येतं ते ह्यांच्या पुस्तकांवर बोट ठेवून शिकलेलं. तांबेऱ्याचं पान सापडलं. वाऱ्यावर उडतो. पान ओलं मिळालं तरच रुजतो. चित्र बघवत नाही.

११ फेब्रुवारी

आज लावला.

बाईंना अचानक बैठकीला बोलावलं. त्यांनी मला सगळं समजावलं आणि बाटली हातात दिली. आत विटेच्या भुकटीसारखी पूड. पानांवर पाण्याचा फवारा मारायचा, पूड बोटांनी चोळायची, मग वरून प्लास्टिकची ओली टोपी घालायची, म्हणजे दव टिकतं आणि रोग आत शिरतो. दुसऱ्या दिवशी टोपी काढायची. आधी साध्या गव्हाच्या कुंड्या, तुलनेसाठी, मग राजा, मग झिपरी.

साध्या गव्हाला लावला. झिपरीला बाकाखालून बाहेर ओढलं आणि तिलाही लावला. तिची लव बोटांना मांजराच्या कानासारखी लागते, ते आजच कळलं.

राजापाशी हात थांबला. लावला नाही. उलट कोरी, धुतलेली प्लास्टिकची पिशवी त्याच्यावर घातली आणि खाली दोरीने घट्ट बांधली. इकडची पूड उडून एक कणसुद्धा आत जाऊ नये म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या टोप्या सारख्याच दिसतील.

बाईंनी संध्याकाळी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."



१२ फेब्रुवारी

सगळ्यांच्या टोप्या काढल्या. राजाची ठेवली. हवेत पूड असेल अजून. बाईंना सांगितलं, त्याच्यावर रोग नीट बसला नसावा, राहू दे थोडी.

१५ फेब्रुवारी

राजाची पिशवी आतून घामेजलेली असते. पानं दिसत नाहीत. पण सुरक्षित आहे. आता काढेन एकदोन दिवसांत.

२३ फेब्रुवारी

काय लिहू?

साध्या गव्हावर तांबेरा आला, तो येणारच होता. पण राजावर त्याहून जास्त. पानं नुसती पेटल्यासारखी. बोट फिरवलं तर बोट लाल झालं. मी लावलाच नव्हता! मी त्याला हातही...

नंतर लिहितेय. हात लावला होता. पिशवी बांधताना लावला होता. त्याच हातांनी, तोच एप्रन घालून, पूड चोळून झाल्यावर. हात धुतलेच नव्हते. आणि मग ओल धरून ठेवणाऱ्या पिशवीत त्याला दिवसच्या दिवस कोंडला. पुस्तकात वाचलं होतं, बाईंनी सांगितलं होतं, इथे मीच लिहिलंय, पान ओलं मिळालं तरच रुजतो. वाचलेलं सगळं डोक्यात होतं, हात मात्र मायेने चालत होते.

२४ फेब्रुवारी

बाईंना खरं सांगितलं. त्या आधी माझ्याकडे बघतच राहिल्या, मग हसू आवरेना त्यांना. "काकू, मी स्वतः लावला असता तरी इतका चांगला लागला नसता!" मला रडू आलं, तसं त्यांनी स्टूल ओढून मला बसवलं.

"राजा संकर नव्हता काकू. तो साधा गहू आहे, आईच्याच परागाने धरलेला. त्या फुलात एक पुंकेसर राहून गेला असणार."

"ह्यांच्या हातून? शक्य नाही."

"दाणा इतका टपोरा होता, तेव्हाच मला शंका आली होती."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही रोज त्याच्याशी बोलायचात. मी कशी बोलणार?"

मी उठून गेले. राग बाईंवर नव्हता, पण दुसरं कुणी समोर नव्हतं. ह्यांच्या हातून कधी पुंकेसर राहिला नाही. मी ह्यांना सुईत दोरा ओवताना पाहिलंय, तोंडाने शीळ घालत.

दारापाशी पायात झिपरीची कुंडी आली. सगळीकडे लाल, आणि ती हिरवीगार. एक ठिपका नाही. पानं उलटून पाहिली, बुडाशी पाहिलं, भिंग आणून पाहिलं. काही नाही. आणि तिलाच मी बाकाखाली सरकवलं होतं.

२५ फेब्रुवारी

रोगट रोपं जाळायचं ठरलं. राजाला जाळू नका म्हणून मी बाईंच्या मागे लागले. कारण काही नव्हतं माझ्याकडे. बाईंनी मिस्त्रीला सांगून त्याला कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत कोंडून ठेवला. पुरावा म्हणून राहू दे, म्हणाल्या.

कुंडी नेताना मिस्त्री म्हणाला, "ही ओंबी करताना मी होतो की वहिनी. धरायला."

"काय धरायला?"

"ओंबी. मी ओंबी धरायचो, दादा चिमटा चालवायचे. शेवटी शेवटी दोघं मिळून करायचो आम्ही."

"का? पूर्वी तर एकटेच करायचे."

तो कुंडीकडे बघत म्हणाला, "थंडी असायची ना."

सप्टेंबरात कसली थंडी? पण मिस्त्रीच्या बोलण्याला कुठे ताळतंत्र असतो.

४ मार्च

समिती आली. अध्यक्ष उंच, सारखा घड्याळ बघणारा. काकडीवाल्यांकडून आला होता, हातात काकडीची फोड. बाईंनी एका बाजूला राजाला काचेआड ठेवलं, दुसऱ्या बाजूला झिपरीला टेबलावर. मी फडकं घेऊन मागे उभी.

"हे गवत?" अध्यक्ष म्हणाला.

"अर्धं," बाई म्हणाल्या. "सारखाच रोग लावला दोघांना. पानं बघा."  मुळात सारखा रोग नव्हताच, राजाला दुप्पट, पण ते कोण सांगणार!

त्याने पान उलटून पाहिलं. काकडी खायचा थांबला. मग विचारलं, "दाणे किती येतील?"

"ही वांझ आहे," बाई म्हणाल्या. "पण गव्हाचा पराग टाकला तर..."

"म्हणजे दाणा नाही."

"अजून नाही."

सगळे बाहेर गेले आणि दाराबाहेर बोलत उभे राहिले. काचेतून ओठ दिसत होते, शब्द नाही. मी तेवढ्या वेळात एकच टेबल पुन्हा पुन्हा पुसलं. बाई परत आल्या तेव्हा खुर्चीत बसल्याच.

"एप्रिलअखेरपर्यंत वेळ दिलाय. हिच्यावर एक तरी दाणा धरला तर काचघर राहील. नाही तर काकड्या."

घरी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक दाणा? एवढ्या शिकलेल्या माणसांना एक दाणा पुरतो?" मग थोड्या वेळाने, "धरेल ना गं?"

१९ मार्च

झिपरीच्या ओंब्या निघाल्या, सडपातळ, वेड्यावाकड्या कुसळांच्या. वांझ फुलं दुपारी आपोआप उघडी पडतात. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी. तिचे स्वतःचे पुंकेसर म्हणजे कोरडी टरफलं, त्यामुळे ते काढायचीही गरज नाही. पराग तेवढा हवा.

पण गव्हाचा पराग आणायचा कुठून? साधा गहू जाळलेला. शेतातला फुलोरा कधीच संपलेला. बाईंनी दोन ठिकाणी फोन केले, कुठेच वेळ जुळेना. फुलं चार दिवसांपलीकडे थांबत नाहीत.

मी म्हटलं, "राजाला उशिराचे फुटवे आहेत. आज त्यांच्यावर पिवळं दिसलं मला."

"रोगट झाड आहे ते काकू."

"पराग रोगट नसतो ना? पुस्तकात तर तसं नाही लिहिलेलं."

बाईंनी विचार केला. "नसतो," म्हणाल्या. "आणि हिला तांबेऱ्याचं भय नाही." मग चिमटा माझ्याकडे धरला. "तुमचा हात बारीक आहे. मी ओंबी धरते."

मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. पाहिलं मात्र रोज होतं, पूर्वी डबा द्यायला जायचे तेव्हा. राजाचे पिवळे पुंकेसर काढले, झिपरीच्या एकेका फुलात सोडले. पहिल्या ओंबीला मला घाम फुटला, दुसरीला श्वास घेता आला. बाईंच्या मुठीत ओंबी अशी स्थिर होती की माझा चिमटा चुकलाच नाही.

तेव्हा मनात आलं, राजा म्हणजे कुणाच्या तरी हातून सुटलेला पुंकेसर. तो सुटला नसता तर आज पराग नसता. हे ह्यांना सांगायला हवं होतं. इथे लिहून ठेवते.

शेवटची पिशवी बांधली. पाठ ताठ करताना बाई म्हणाल्या, "शीळ घालत होतात तुम्ही."

३० मार्च

काही नाही. पिशव्या उघडायच्या नाहीत.

८ एप्रिल

बाईंनी पहिल्या ओंबीची पिशवी सोडली. फुलं चाचपली. पोकळ. दुसरी. पोकळ. बाई म्हणाल्या, आज पुरे. काकडीवाल्यांचा माणूस फीत घेऊन येऊन काचघर मोजून गेला. मिस्त्रीने त्याला मुद्दाम गळक्या नळाखालून नेला.

१३ एप्रिल

तिसरीही पोकळ. वन्संनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघी लवकर जेवलो.

२१ एप्रिल, रविवार

सुट्टी होती, तरी गेले. बाई आधीच आल्या होत्या. राहिली होती ती एकच ओंबी, सगळ्यांत खालची, मी सगळ्यात शेवटी केलेली. बाई म्हणाल्या, "तुम्ही बघा."

पिशवी सोडली. खालून सुरुवात केली. दोन बोटांत फूल धरायचं आणि हलकं दाबायचं. पोकळ असलं की कागदासारखं दबतं. दबलं. दबलं. दबलं. अर्ध्याच्या वर गेले. आता उरलंय काय म्हणून हात सैल सोडला, तर पुढचं फूल दबलं नाही.

पुन्हा दाबलं. आत काहीतरी होतं. मोहरीपेक्षा मोठं, कडक.

मी बाईंचा हात धरून बोट तिथे ठेवलं. त्यांनी डोळे मिटून चाचपलं. मग खाली फरशीवरच बसल्या, पांढऱ्या कोटासकट.

"उघडायचं नाही," म्हणाल्या. "पिकू दे. अध्यक्षांना मी उद्या इथेच बोलावते. बोटाने बघू देत."

घरी आले तर वन्सं दारातच. माझं तोंड पाहून त्यांना कळलं. चहा टाकला त्यांनी, आणि माझा कप काठोकाठ भरला. मी उचलला. हात कापत होता. दाणा लागल्यापासून थांबलाच नव्हता. चहा बशीत सांडला, बशीतून साडीवर.

वन्सं पटकन म्हणाल्या, "थांब, अर्धा करून देते. हात कापत असला की अर्धाच..."

आणि त्या फडकं शोधायला लागल्या. फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं.

मी विचारलं, "वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

त्या बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. म्हणाल्या, "मला म्हणाला, तिला कळू देऊ नकोस. तिला माझ्या हाताचा फार अभिमान आहे."

 त्यांनी माझा अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला, आणि मी अर्धा प्यायले. मग मी उठले आणि पुन्हा अर्धा घेतला.